मातीखालची पाठ, उघडी धार

गाडीच्या कमानपाट्याची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीची, सुरी करून तिच्यावर कडक धार आणि नरम पाठ यांच्या मधली ती सुंदर लाटेरी रेघ उमटावी म्हणून पाठीवर माती थापणारे बरेच जण भेटतात. रेघ येत नाही. पाट्याच्या पोलादात मँगेनीज किंवा क्रोमियम जास्त असतं, त्यामुळे ते सावकाश निवलं तरी कडक होतं, मग मातीखालची पाठही कडकच. रेघ हवी तर साधं कार्बनचं पोलाद घ्या. मी १०९५ नंबरचं पोलाद वापरतो: कार्बन ०.९५ टक्के, मँगेनीज अर्ध्या टक्क्याच्या आत. लाल तापलेलं ते साधारण ५५० अंशांखाली एका सेकंदात आलं तरच कडक होतं. माती पाठीला ते होऊ देत नाही, म्हणून पाठ चिवट राहते.

माती म्हणजे फायरक्ले (भट्टीची, आग सोसणारी माती), कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि बारीक वाळू. पातं आधी राखेनं घासतो. तेलकट बोट लागलं तरी माती सुटते. पाठीवर दोन-तीन मिलिमीटरचा थर, धारेच्या अंगाला गंधाइतका पातळ हात. मग सुरीच्या टोकानं धारेकडे उतरणाऱ्या मातीच्या बारीक ओळी ओढतो. त्या ओळींखाली पोलाद थोडं नरम राहतं आणि धारेचा टवका उडालाच तर तिथे अडतो. हे काम मला सगळ्यात आवडतं, घाई अजिबात करत नाही. माती पूर्ण वाळू द्यायची. ओल राहिली तर वाफेनं पापुद्रा सुटतो.

भट्टी संध्याकाळीच पेटवतो, उन्हात रंग कळत नाही. ७७० अंशांच्या आसपास पातं चुंबकाला धरत नाही, त्याहून थोडं वर नेऊन पाणी पाजायचं, म्हणजे पाण्यात किंवा तेलात बुडवून एकदम निववायचं. पाण्यात रेघ ठसठशीत येते, पण पातं तडकण्याची भीती मोठी. मी कोमट तेलच घेतो. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. पॉलिश पेपरनं घासून लिंबाचा रस चोळला की रेघ दिसू लागते.

मुठीला बाभूळ. ओल्या ओंडक्याची दोन्ही टोकं मेणानं बंद करून सावलीत ठेवायचा, नाहीतर टोकापासून चिरतो. म्हशीचं शिंग घेतलं तर उकळून आतला हाडाचा गाभा काढायचा; भरीव टोकच मुठीला कामाचं. घासताना तापलं की वाकतं, म्हणून मध्येमध्ये पाण्यात बुडवायचं. सांबराचं शिंग मात्र कुणी जंगलात सापडलं म्हणून आणून दिलं तरी घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. मूठ लाखेनं बसवतो आणि लाकडी असेल तर वरून जवसाचं तेल, पातळ हातानं, आधीचा हात वाळल्यावरच पुढचा.