काकांची वजाबाकी

वॉशिंग्टनच्या सहलीत आर्लिंग्टन स्मशानभूमीसाठी माझी एक गोष्ट ठरलेली होती. केनेडींची समाधी बघून मंडळी दमलेली असतात, निम्म्यांना बाथरूमला जायचं असतं. तरी मी त्यांना टेकडीवरच्या जनरल रॉबर्ट लीच्या घरापर्यंत रेटायचेच, कारण ही गोष्ट तिथे हमखास चालायची.

माँटगोमेरी मेग्ज हा लष्करातला इंजिनिअर. १८३७ मध्ये लीच्या हाताखाली त्याने मिसिसिपी नदीची पाहणी केली होती. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात ली दक्षिणेच्या बाजूने लढला आणि मेग्ज उत्तरेच्या सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल झाला, म्हणजे बुटांपासून घोड्यांच्या चाऱ्यापर्यंत सगळा पुरवठा त्याच्याकडे. लीच्या बायकोचं हे घर ९२ डॉलर ७ सेंट कराच्या थकबाकीपायी सरकारजमा झालं होतं. मग मी आवाज खाली आणायचे: युद्धात स्वतःचा मुलगा मारला गेला, म्हणून मेग्जने सूडाने तिच्या फुलबागेच्या कडेला सैनिक पुरले! इथे सगळे हळहळायचे.

त्या दिवशी गटात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. खिशातल्या डायरीत सगळं टिपून घेत होते.

"ताई, मुलगा कधी गेला म्हणालात?"

"३ ऑक्टोबर १८६४."

"आणि बागेत पुरायला लागले?"

"त्याच उन्हाळ्यात."

"म्हणजे आधी. मग सूड कसला? पोरगा तर तेव्हा जिवंत होता."

इतकी वर्षं दोन्ही तारखा मीच सांगत होते, पण शेजारी-शेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या. काहीतरी सारवासारव केली आणि सगळ्यांना घराच्या मागच्या बाजूला मेग्जच्या थडग्याकडे नेलं.

तिथेच मुलाचंही आहे. लेफ्टनंट जॉन मेग्ज, वय २२. वर ब्राँझचा लहानसा पुतळा: चिखलात उताणा पडलेला, अंगावर कोट, हाताजवळ रिव्हॉल्व्हर. काकू वाकल्या. "अहो, या घोड्याच्या टापा बघा." देहाभोवती खरंच टापांचे ठसे कोरलेत. झाली ती समोरासमोरची चकमक, असं दक्षिणेची बाजू म्हणायची. बापाने मात्र तो खूनच मानला.

"पंचनामा आहे हा," काका म्हणाले. "जसा सापडला तसा." आणि डायरी मिटली.

पुढच्या गटाला मी तारखा क्रमाने सांगितल्या. कुणी हळहळलं नाही. एकाने बस किती वाजता सुटणार ते विचारलं.