पऱ्हे म्हणजे पऱ्या नव्हे

आज तान्हा पोळा होता. घरमालकीण काकूंचा नातू, वय वर्षं चार, सकाळपासून चाकाचा लाकडी बैल दोरीने ओढत घरभर गडगडवत होता आणि संध्याकाळी चौकात सगळी लेकरं आपापले बैल घेऊन लायनीत. कोणाचा बैल मुठीएवढा, कोणाचा त्या पोरापेक्षा उंच. मी मोबाईल काढून व्हिडिओ करत होते तर बाजूच्या आजी म्हणाल्या, "काऊन मॅडम, तुमच्या गावाले तान्हा पोरा नाई का?" पोरा म्हणजे पोळा, हे आता मला कळतं. म्हटलं नाही हो आजी, आमच्याकडे मोठा पोळाच धड नसतो. आजींनी माझ्याकडे असं काही बघितलं की बिचारी कुठल्या मुलखातून आली असेल.

तर त्या मुलखाचं आणि ह्या मुलखाचं लिहून ठेवते आज. सोमवारी घरी निघायचंय, बॅग अर्धी भरून झालीये, आणि एकदा का घरी गेले की इथलं सगळं डोक्यातून जाणार, माझं असंच होतं.

मी चिपळूण तालुक्यातली. दापोलीच्या कृषी विद्यापीठातनं बीएस्सी ॲग्री, मग बँकेत कृषी अधिकारी, पहिली तीन वर्षं रायगडात मजेत गेली आणि मे महिन्यात ऑर्डर आली, ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर. घरी जे काय झालं ते विचारू नका. आई म्हणाली वाघ असतात ना गो तिकडे. बाबा म्हणाले मासे मिळतील का. आणि काका, ज्यांनी आयुष्यात पुण्याच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही, ते म्हणाले आता भात विसर, तिकडे ज्वारीची भाकरी खावी लागेल. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आपल्या डोक्यात विदर्भ म्हणजे कापूस, संत्री आणि ऊन. कृषीची पदवी घेऊनसुद्धा डोक्यात हेच, ह्याची मात्र लाज वाटते.

नागपूरहून एसटीने निघाले. उमरेड, मग भिवापूर (मिरचीचं भिवापूर, ते अभ्यासात होतं), मग नागभीड. जूनचा पहिला आठवडा, दुपारी दीडची वेळ, खिडकीतून वारा नाही तर हेअर ड्रायर चालू, आणि मी अर्धवट झोपेत. कधीतरी डोळे उघडले तर बाहेर बांध. म्हणजे शेताचे बांध, चौकोन चौकोन, आत वाळकी धसकटं राहिलेली, भाताचीच. मला वाटलं झोपेत आपल्या गावचं दिसतंय. पण आपल्याकडे डोंगराच्या पायऱ्या असतात, इथे सगळं सपाट, नजर जाईल तिथपर्यंत खाचरं. कंडक्टरला विचारलं हे भात आहे का, तर तो म्हणाला भात नाही मॅडम, धान. भात ताटात असते. बरोबरच आहे की!

ह्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. चंद्रपूरचा हा भाग, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, सगळा धानाचा आणि जंगलाचा. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले ठीक आहे, पण आपल्यासारखा नसेल. काका ते काकाच.

पहिले दहा दिवस मात्र भयंकर गेले. इथे बातम्यांत तापमानाचा आकडा आला की ब्रह्मपुरीचं नाव वरच्या नंबरात असतं हे मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर मेडिकल लावलं असतं. रूमवर कूलर होता, बटण दाबलं, झोपले, रात्री दोनला उठले तर गरम वाफा. टाकीत पाणी भरावं लागतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आम्हाला काय माहिती कूलर, आमच्याकडे पंखा आणि घाम. काकू सकाळी पोट धरून हसल्या आणि मग त्यांनीच मला बादली भरून टाकीत ओतायचं, गवताची जाळी ओली झाली की नाही बघायचं, हे सगळं शिकवलं. एक मात्र आहे, कपडे पंधरा मिनिटांत वाळतात. आमच्याकडे जूनमध्ये एक जीन्स चार दिवस वाळत नाही आणि मग चुलीजवळ टांगली की धुराचा वास घेऊन ऑफिसला जा.

भाषेचं तर काय सांगू. मराठीतून मराठीत बदली झाली आहे माझी. पहिल्या रविवारी बाजारात भाजीवाली विचारते, "सांबार पायजे का?" मी म्हटलं नको, इडली नाही करत आहे. ती बघतच राहिली. सांबार म्हणजे कोथिंबीर! बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्लीदाणे. आणि इकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात ळ आणि ण येतच नाहीत, ळ चा र आणि ण चा न. जवर, सकारी, पानी. एक आजोबा केवायसीला आले होते, मला विचारलं तुमी कोन्या गावच्या, मी सांगितलं चिपळूण, ते म्हणाले "चिपरून". तेव्हापासून शाखेत मी चिपरूनच्या मॅडम. ऐकायला इतकं गोड वाटतं की मी दुरुस्त करत नाही. आणि खरं म्हणजे दुरुस्त काय करणार, इथे सगळे तसंच बोलतात, वेगळं बोलणारी मी एकटी, माझंच बोलणं ऐकून कॅशियर हसतो. मी "काय गो" म्हटलं की त्याला वाटतं मी गाणं म्हणतेय.

पण पऱ्ह्यांची गोष्ट सांगायची राहिली. जुलैचा दुसरा आठवडा, चार दिवस धो धो पाऊस, पीक कर्जाच्या फाईली घेऊन मी बसलेली आणि एक शेतकरी दादा काउंटरला आले, चेहरा पडलेला. म्हणाले, "मॅडम, पऱ्हे वाहून गेले जी." आता आमच्याकडे पऱ्या म्हणजे ओढा, घराच्या मागचा छोटा ओहोळ. मी मनात म्हटलं पऱ्या वाहणारच की, पावसात नाही वाहणार तर कधी, आणि मी चक्क हसून म्हणाले, बरं झालं ना मग, पाणी आलं. काउंटरच्या अलीकडे पलीकडे एकदम शांतता. शिपाई दादांनी माझ्या कानाजवळ येऊन हळूच सांगितलं, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, मॅडम. म्हणजे आमचा तरवा. अख्खा तरवा वाहून गेलेला माणूस माझ्यासमोर उभा आणि मी म्हणतेय बरं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून सांगितलं की दादा, आमच्याकडे ह्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, चुकले. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग विचारलं, तुमच्याइकडे धान होते? म्हटलं तेच होतं हो, दुसरं काहीच होत नाही. मग एकदम सूर बदलला, आणि पुढे पंधरा मिनिटं आम्ही शब्दच लावत बसलो. आमचा तरवा तो त्यांचा पऱ्हा, आमची लावणी ती त्यांची रोवणी, आमचं खाचर ती बांधी, आणि कापल्यावर भारे रचून ठेवतो ती आमची उडवी, तो त्यांचा पुंजणा. मापाची खंडी मात्र दोन्हीकडे खंडीच. मागे लाईन वाढलेली, मॅनेजर केबिनमधून बघतायत, पण मला काय सुचत नव्हतं. त्यांना दुबार पेरणीचं बियाणं मिळालं का ते मी नंतर फोन करून विचारलं, मिळालं, उशिरा रोवणी झाली.

फिल्डवर जायला लागल्यापासून बरं वाटतंय. गावागावाला तळी आहेत, सगळे त्याला मामा तलाव म्हणतात, मला वाटायचं कोणीतरी मामा असेल गावातला मोठा माणूस. तर मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्वी गावाची मालगुजारी, म्हणजे सारा वसुलीचं काम, ज्यांच्याकडे होती त्यांच्या ताब्यात ही तळी, ती पद्धत १९५० च्या सुमारास गेली आणि तळी 'माजी' होऊन मामा झाली. बांधणारे बरेचसे कोहळी समाजाचे लोक, गोंड राजांच्या काळापासूनचं काम. कोकणात इथल्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, ३००० मिलिमीटरच्या वर, आणि मार्चमध्ये आम्ही हंडा घेऊन फिरतो. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तळ्यात मासे असतील. असतात. रोहू, कतला, मरळ, आणि छोटे झिंगे. आता गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल मी काही बोलत नाही, काकू प्रेमाने वाढतात. पण झिंगे आणि वांगं खाल्लं त्या दिवशी मी दोनदा भात घेतला. सुक्या जवळ्याची आठवण आली, एवढंच लिहिते.

वाघाचं पण लिहायला हवं, नाहीतर आई म्हणेल लपवते आहे. मी वाघ बघितलेला नाही. पण इथे वाघ म्हणजे तिकीट काढून सफारीला जाऊन बघायची गोष्ट नाही, वेळापत्रकातली गोष्ट आहे. पाचच्या आत गावातून निघा, रस्त्यात थांबू नका, लघवीला तर अजिबात नाही, हे शिपाई दादा मला प्रत्येक व्हिजिटला ऐकवतात. मागच्या आठवड्यात एका बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी पिकाचा फोटो काढत होते, खाली बघितलं तर चिखलात माझ्या बुटाच्या ठशाशेजारी एक ठसा, माझ्या तळहाताएवढा, त्यात पाणी साचलेलं. शेतकरी म्हणाला, "कालचा आहे जी, पानी साचलं ना त्यात." जसं आपण म्हणतो दूध कालचं आहे. आणि तो परत निंदायला वाकला. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाया, रात्री पंप चालू करायला जाणारी माणसं, ह्यांना पाचच्या आत परतायची सोय कुठे आहे. फॉर्मवर ह्यासाठी कॉलम नाही.

आणि वैनगंगा. नदीकाठच्या एका गावात पीक कर्जाच्या नूतनीकरणासाठी गेले होते, घराच्या भिंतीवर खिडकीच्या वर एक भुरकट रेघ. मी न विचारता ओळखलं. ऑगस्ट २०२० चा पूर, वर मध्य प्रदेशात पाऊस, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडलेले, आणि ह्या तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. मी सांगितलं की आमच्याकडे २०२१ ला, २२ जुलै. मावशीचं घर चिपळूण बाजारपेठेत, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, दोन दिवस गच्चीवर. त्या घरच्या काकांनी विचारलं नदी कोनती. म्हटलं वाशिष्ठी. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग मावशीचं काय काय गेलं ते विचारलं, मी शिलाई मशीनचं सांगितलं, आणि ते म्हणाले मशीन सुकवून चालते का नाई परत? चालली, मोटर बदलून. त्यांच्या बकऱ्या गेल्या होत्या. बिनदुधाचा चहा झाला, सह्या झाल्या, परत येताना गाडीत कोणी काही बोललं नाही.

नाटकांचं अजून बघायचंय. दिवाळी झाली की मंडई (इकडच्या जत्रा) सुरू होतात आणि गावोगावी रात्रभर नाटकं, सगळ्या कंपन्या वडश्याला, इथून जवळच. २०२३ ला परशुराम खुणे म्हणून इकडच्याच कलावंताला पद्मश्री मिळाली, हे मला शाखेतल्या प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलंय. मी त्यांना आमच्या नमन-खेळ्याचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, सांगितलं, त्यातल्या संकासुराचा आवाज पण काढून दाखवला, कॅशियर म्हणाला मॅडम तुमी स्टेजवर चालता.

रजेची मात्र मारामारी झाली. मॅनेजर म्हणाले गणपतीला पाच दिवस? पोळ्याला पण कोणी मागत नाही एवढी. कसं सांगू ह्यांना, कोकणातल्या माणसाला गणपतीला रजा नाही मिळाली तर तो राजीनामा देतो, हे जोक नाही. शेवटी मिळाली चार, नागपूर-मडगाव गाडीत चिपळूणपर्यंत बसायचं, तेही वेटिंग ९४ वरून कन्फर्म झालं तेव्हा मी एटीएमच्या दारात ओरडले.

आता बॅगेचं. पाच किलो तांदूळ घेतलाय, एचएमटी. आमच्याकडे घरचा भात मार्चपर्यंत संपतो आणि मग वाण्याकडून हाच येतो, लहानपणापासून गोणीवर एचएमटी वाचत आले, मला वाटायचं कंपनीचं नाव असेल. तर हे वाण इथलं, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे ह्यांनी स्वतःच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून तयार केलेलं, आणि तेव्हा एचएमटीचं घड्याळ जोरात होतं म्हणून नाव ते. २०१८ ला गेले ते. दापोलीत चार वर्षं शिकले, भातच भात, आणि ही गोष्ट मला एका राईस मिलच्या हमालाने सांगितली. तर मी ठरवलं की तिथलाच तांदूळ तिथूनच घेऊन जायचा, आईला सगळं नीट सांगायचं. मघाशी फोनवर राहवलं नाही, सांगूनच टाकलं, अगदी लोंब्यांपासून.

आई म्हणाली, "एवढं ओझं कशाला आणतेस गो, आपल्या वाण्याकडे मिळतो की तो. आणि मोदकाला नाही चालत, सुटा होतो."