ऊसबिल आल्यावर देतो म्हणून नेलेली मोटार

पाच एचपीच्या मोनोब्लॉकचं (पंप नि मोटार एकत्र असलेल्या संचाचं) रिवायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी नव्यानं भरणं, दोन बेअरिंग आणि सील, जळकं तांबं वजा करून बिल ११,८००. चंदगडकडच्या गिऱ्हाइकानं ३,००० दिले आणि "ऊसबिल आलं की बाकीचे देतो" म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या दुकानातून मोटार गाडीत घातली. माझी चूक तिथंच झाली. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू देतं, पण ती आपल्या ताब्यात आहे तोवरच. उधारी कबूल केली की हक्क गेला. तोही त्याच कामाच्या बिलापुरता. मागल्या बाकीसाठी मोटार अडवता येत नाही, परस्पर विकता तर नाहीच.

ऊसबिल जमा झालं तेव्हा निरोप आला, वायंडिंग बाद, मोटार परत जळाली. उघडून बघितल्याशिवाय वाद घालू नये. स्टार जोडणीत (तिन्ही फेजच्या वेटोळ्यांची एकेक टोकं एकत्र जोडलेली) दोन फेजची वेटोळी काळी आणि तिसऱ्याची कोरी असली, तर विजेच्या तीन फेजपैकी एक नसताना मोटार चालवलीय. सगळी सारखी काळवंडली तर लोड जास्त किंवा व्होल्टेज कमी. एकाच जागी जळून बाकी सगळं चांगलं असलं तर आधी आपलं इन्सुलेशन तपासावं, पैशाचं नंतर. इथं दोन फेजची वेटोळी जळालेली, म्हणजे दोष माझ्या वायंडिंगचा नव्हता. फोटो काढले. मोटार देताना बिलावर तिन्ही फेजचे अँपिअर नि मेगरचा (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राचा) आकडा लिहून, "८,८०० बाकी" खाली त्याची सही घेतली होती, ती फार उपयोगी पडली.

वकिलाकडून १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं धाडली, पोच जपली. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असलं तरी काम बेळगावात झालंय, त्यामुळं दावा इथंही लागतो. दाव्याची मुदत काम झाल्यापासून ३ वर्षं; त्या आत बाकी सही करून कबूल केली तर सहीपासून नव्यानं मोजतात.

दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज दिला, फी नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, सोबत सगळ्या झेरॉक्स. समोरचा आलाच नाही तर तिथं काही होत नाही. हा आला. लोकअदालतीत दोन हप्ते ठरले. ती तडजोड कोर्टाच्या डिक्रीसारखी (हुकूमनाम्यासारखी) वसूल करता येते.

दुसऱ्या हप्त्याचा चेक होता. चेक तारखेपासून ३ महिन्यांत भरावा. परतला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पुढं १५ दिवस वाट, मग महिन्याभरात तक्रार. या तारखा वहीत मांडूनच चेक भरला. तो वटला.