टोटल २३८, पण त्यातलं एलडीएल किती?

आमच्या वेंगुर्ल्याकडे कोलेस्टेरॉलचा विषय निघाला की सगळे एकच विचारतात, टोटल किती? माझं २३८ आलं होतं. त्यात एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४४, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली दुसरी चरबी १६०, आणि एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल १६२. डॉक्टरांनी एलडीएलखाली रेघ मारली आणि विचारलं, "घरात कुणाला कमी वयात हृदयविकार?" माझे वडील ५१व्या वर्षी झटक्याने गेले. वडील-भावाला ५५च्या आत किंवा आई-बहिणीला ६५च्या आत झटका आला असेल, तर डॉक्टर ते रिपोर्टाच्या जोडीने धरतात.

गोळी लगेच दिली नाही. आधी थायरॉईड तपासलं, कारण ते मंदावलं तरी एलडीएल चढतं. ते नॉर्मल निघालं. मग तीन महिने आहार आणि रोजचं चालणं.

आहार म्हणजे आमच्याकडे नारळच. सासूबाई म्हणाल्या, "आमचे आजे-पणजे जन्मभर नारळ खात इले, तेंका खंय काय झाला?" नारळात कोलेस्टेरॉल नसतं, तेवढं त्यांचं खरंच. पण संपृक्त चरबी भरपूर असते. रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना या शोधासाठी १९८५ सालचं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी वाढली की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. हे सगळं सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून नारळाचं वाटप निम्म्यावर आणलं. रोजच्या सोलकढीच्या जागी नारळाच्या दुधाशिवायची फुटी कढी आली, तळलेल्या तुकड्यांच्या जागी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. पेडवे, तारले हे छोटे तेलकट मासे तर हवेतच. सुंगटांत, म्हणजे कोळंबीत, कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी फार थोडी, म्हणून तीही अधूनमधून चालतात, फक्त तळून नकोत.

तीन महिन्यांनी एलडीएल १४६. मी हिरमुसले. डॉक्टरांनी समजावलं की शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं, त्यामुळे नुसत्या पथ्याने ते एका मर्यादेपर्यंतच उतरतं. मग त्यांनी लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातल्या एलडीएलसारख्याच एका कणाची चाचणी सांगितली. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत ती प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी असं म्हटलं आहे, आणि पहिली कोलेस्टेरॉल तपासणी १८व्या वर्षीच. लायपोप्रोटीन ए बहुतांशी आनुवंशिक, पथ्याने हलत नाही. ५०च्या वर धोका वाढतो, माझं ७८. ते कमी करता येत नसेल तर एलडीएल तरी खाली ठेवायचं, म्हणून रोसुव्हास्टॅटिन ही एलडीएल उतरवणारी गोळी सुरू झाली.

पुढच्या तपासणीत एलडीएल ८४. नातेवाईक, शेजारी सगळे एका सुरात म्हणाले, "झाला ना नॉर्मल? आता बंद कर गोळी." मला इथेच सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे: आकडा नॉर्मल आहे तो गोळी चालू आहे म्हणून. थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल परत पूर्वीच्या जागी जातं, आणि दुखत-खुपत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही. पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं; त्यांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ताची चाचणी, तपासलं, ते ठीक होतं, आणि गोळी सकाळऐवजी रात्री घेऊ लागले. दुखणं आपसूक गेलं.

तपासणीचा माझा नेम असा: लॅब तीच, आणि तापातून उठल्यावर लगेच कधीच नाही. आजारपणात एलडीएल उतरतं आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. पावसाळ्यात इथे घरोघरी ताप असतो, तेव्हा हे लक्षात ठेवाच. उपाशीपोटी जाणं आता सक्तीचं राहिलेलं नाही; ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेली आली तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करतात.

धाकटा भाऊ चतुर्थीला मुंबईहून आला तेव्हा त्याचीही लायपोप्रोटीन ए करून घेतली. त्याचं माझ्याहून जास्त निघालं. चाळिशी यायची आहे, बारीक आहे, विडी-सिगारेट नाही. त्याच्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती. त्याचे उपचार आता मुंबईत सुरू झाले आहेत.