प्रदर्शनाला जाताना आपला माल सोबत न्या

आमच्या पावडरचा त्रास म्हणजे ती उडते. पाउचमध्ये पडताना धुरळा वर येतो, सीलच्या जागी बसतो आणि फिल्म नीट चिकटत नाही. पाउच दिसायला ठणठणीत, पण दाबलं की हवा सुटते. नवं मशीन घ्यायचं होतं ते यासाठीच. त्यामुळे पॅकेजिंगच्या प्रदर्शनाला निघताना ‘काय नवीन आलंय ते बघू’ असं डोक्यात नव्हतंच. आमची पावडर, आमच्याच फिल्ममध्ये, गळती न होता कोण भरून दाखवतो, एवढंच बघायचं होतं.

प्रदर्शकांची यादी आणि हॉलचा नकाशा आधीच मिळतो. त्यातून उभी फॉर्म-फिल-सील मशीन, म्हणजे रोलवरच्या फिल्मचा पाउच करून, भरून, सील करणारी मशीन बनवणारे वेगळे काढले आणि सगळ्यांना मेल केले. मेलमध्ये पाउचचं माप हवंच, कारण या मशीनवर फिल्म ज्या नळीभोवती गुंडाळली जाते त्या फॉर्मिंग ट्यूबवर पाउचची रुंदी ठरते. ऐनवेळी कुठलाही रोल चढवता येत नाही. 100 मिमी रुंद पाउचला मागच्या सीलची पट्टी धरून साधारण 220 मिमी फिल्म लागते. हे कळवलं, तर समोरचा त्या मापाची ट्यूब लावून ठेवू शकतो. काहींचं उत्तरच आलं नाही. काहींनी ‘स्टॉलवर या, बोलू’ एवढंच कळवलं. एका कंपनीने मात्र उलट आम्हालाच प्रश्न विचारले: पावडरची घनता किती, ओलावा किती, फिल्मचे थर कोणते? सकाळची पहिली वेळ मी त्यांची घेतली.

1895 मध्ये लाइपझिगच्या जत्रेने माल तिथल्या तिथे विकण्याऐवजी नमुने मांडून ऑर्डरी घेण्याची पद्धत आणली, आणि आजची व्यापारी प्रदर्शनं त्याच वाटेने चालतात. विकणारा नमुना आणतो, घेणारा बघतो. घेणाऱ्यानेही आपला नमुना आणला तर दिवसाचा रंगच पालटतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बहुतेक स्टॉलवर मशीन दाणेदार मालावर पळत होती. दाणा सुरेख वाहतो, त्याला कपाने मापून भरणारा साधा कप फिलरही पुरतो. तो वेग बघून आमच्यासारख्यांनी काही ठरवू नये. बारीक, अडून बसणाऱ्या पावडरला ऑगर, म्हणजे फिरून माल खाली ढकलणारा स्क्रू लागतो आणि तिथे सगळी गणितं बदलतात.

ठरलेल्या स्टॉलवर विक्री अधिकाऱ्यांनी ओळख करून दिली आणि इंजिनिअर पुढे आले. हॉपरमध्ये आमची पावडर, वर आमचा रोल. पहिले पाउच आले ते त्यांनी टेबलाखालच्या पारदर्शक टबात, पाण्याखाली धरून दोन्ही तळव्यांनी दाबले. आडव्या सीलवरून ठिकठिकाणी बुडबुडे. त्यांनी धूळ ओढणारं सक्शन चालू केलं, पावडर पडल्यावर जॉ, म्हणजे सील दाबणारे गरम जबडे, मिटायला थोडा जास्त वेळ दिला आणि वेग उतरवला. पुन्हा टब. आता सीलवर जवळजवळ कुठेच बुडबुडे नाहीत, पण बरोबर मध्यभागी एकाच जागी बारीक बुडबुड्यांची माळ. पुढच्या पाउचला तिथेच, त्याच्या पुढच्यालाही तिथेच.

“ही धूळ नाही साहेब,” ते म्हणाले. त्यांनी पाउच फाडून सील उजेडात धरलं. मागचं उभं सील आडव्या सीलला मिळतं तिथे फिल्मचे थर अचानक वाढतात. थर जिथे बदलतात तिथे बारीक फट राहते, आणि आतला सीलंट थर वितळून ती फट भरण्याइतका जाड नसेल तर हवा तिथूनच जाते. “जॉचा दाब मी वाढवून देतो, पण फिल्मवाल्यांशी बोला. ते पलीकडच्या हॉलमध्ये आहेत.”

स्वतःचं मशीन विकायला उभा असलेला माणूस हे सांगतो, यापेक्षा मोठी खात्री ब्रोशर देत नाही. तो गळका पाउच हातात घेऊन मी थेट फिल्मच्या स्टॉलवर गेलो. काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या तांत्रिक माणसाने सांध्यावर नख फिरवलं आणि सीलंट थराच्या जाडीवर बोलायला सुरुवात केली. एरवी मशीनवाला फिल्मकडे बोट दाखवतो, फिल्मवाला मशीनकडे, आणि मधल्यामध्ये आपला माल परत येत राहतो. इथे संध्याकाळी दोघांना एकाच टेबलाशी बसवता आलं. शेवटच्या तासात गर्दी ओसरते आणि इंजिनिअर मंडळी निवांत बोलतात. अशा बैठकीला तीच वेळ साधावी.

प्रत्येक बोलणं संपलं की मी बाजूला उभा राहून कार्डाच्या मागे टिपून ठेवत होतो: कोण काय म्हणालं, काय पाठवणार, कधीपर्यंत. त्यावरून रात्रीच दोघांना मेल गेले. मशीनच्या ऑर्डरमध्ये अट घातली: रवानगीपूर्वी त्यांच्या कारखान्यात आमची पावडर, नव्या थराची फिल्म, ठरलेला वेग आणि पाण्याखालची गळती चाचणी, आमच्या समोर. फिल्मवाल्यांनी नमुन्याचा रोल परस्पर तिकडे पाठवला. त्या चाचणीत वेग स्टॉलवरच्या पाटीपेक्षा कमीच भरला. पण सांध्यावर बुडबुडा आला नाही, आणि आम्ही सही केली.