खेट्याच्या वाटेवरच्या साती आसरा

माघातल्या रविवारी कोल्हापूरकर अनवाणी जोतिबाला जातात, ते खेटे. असुरांचा वध करून नाथ, म्हणजे जोतिबा, हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा त्यांची मनधरणी करायला करवीरची अंबाबाई पायी डोंगरावर आली, अशी कथा. यंदा मीही पहाटे पंचगंगेवरून निघाले. वडणगे, निगवे, कुशिरे मागे पडलं आणि खडी चढण लागली.

गायमुखाच्या अलीकडे सोबतच्या मावशी वाट सोडून ओघळीत उतरल्या. करंजाच्या मुळाशी शेंदूर फासलेले सात तांदळे, म्हणजे बिनघडीव दगड, ह्याच साती आसरा. शेजारी म्हसोबा. मावशींनी पिशवीतून हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या आणि पानात बांधलेला दहीभात काढला. सातही दगडांना बोटानं कुंकू लावलं, बांगड्या एकेकीपुढे मांडल्या. एक कमी पडली, तेव्हा सरळ स्वतःच्या हातातली उतरवली.

"पाया पड, पोरी. नाथ यायच्या आदीपासनं ह्या हितंच हायत्या."

आसरा म्हटलं की आम्हाला लहानपणी भीतीच घातलेली. तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊ नको, ओल्या बाळंतिणीनं पाण्याकडं फिरकू नये. आसरा लागतात, धरतात, ओढून नेतात. पाण्यावर राहणाऱ्या ह्या सात बहिणींची एवढीच ओळख उरावी, याचं मला फार वाईट वाटतं. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याकडचे डोंगर पायी तुडवले, तेव्हा त्यांना देवीची अशी ठाणी जुन्या वाटांवर, लेण्यांच्या आसपास सापडत गेली. आपल्याकडेही जोतिबाच्या पायथ्याला पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. डोंगरावरचं आजचं जोतिबाचं, म्हणजे केदारलिंगाचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. लेणी त्याच्या कित्येक शतकं आधीची. त्या काळी इथून चढणाऱ्यांनाही पाणी लागतच असणार. आसरांचे दगड किती जुने, हे कुठं कोरलेलं नाही, पण मावशींचं म्हणणं मला मनापासून पटतं.

वर पोचलो तेव्हा 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'चा गजर चालला होता, गुलालानं पायऱ्या लाल झाल्या होत्या. दर्शन झालं, यमाईलाही जाऊन आलो. उतरताना मावशी त्यांच्या माहेरचं सांगत होत्या. विहीर बांधून काढताना तिथल्या आसरा भरावाखाली गेल्या. कुणी विचारलंही नाही. मग गावातल्या बायकांनी ओढ्यातनं सात गोटे निवडून आणले, शेंदूर लावला आणि विहिरीच्या काठावर पुन्हा मांडले.