मीटअपचा फॉर्म कोणाकडून भरून घ्यायचा?

इंदूरमध्ये प्रोग्रामिंगचा गट चालवणारे बहुतेक जण मीटअपचा, म्हणजे गटाच्या बैठकीचा, अभिप्राय-फॉर्म चुकीच्या माणसांकडून भरून घेतात. विजयनगरात शनिवारी संध्याकाळी जमलेल्या मंडळींना जागा आणि वेळ विचारली, तर उत्तर विजयनगर आणि शनिवार संध्याकाळ असंच येणार. ज्यांना ते जमत नव्हतं, ते फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस किंवा इन्फोसिसमध्ये नोकरी करणारा, भंवरकुव्याला खोली घेऊन राहणारा विद्यार्थी आणि आयआयटीच्या सिमरोल कॅम्पसवरून येणारा, या तिघांच्या अडचणी तीन तऱ्हेच्या.

म्हणून पहिली यादी काढायची ती नाव नोंदवून न आलेल्यांची. फुकट कार्यक्रमाला नोंदणीच्या निम्मे आले तरी बरं म्हणायचं, म्हणजे ही यादी छोटी नसते. दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवा, गटात नको. प्रश्न तीनच: येण्याचं नक्की ठरलं होतं का, ऐन वेळी काय आडवं आलं, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येणं अजिबात शक्य नाही. तिसरा प्रश्न मुद्दाम उलटा ठेवायचा. ‘कोणती वेळ आवडेल’ याला लोक भिडेखातर काहीही टिकमार्क करतात. ‘कधी जमणारच नाही’ याला खरं उत्तर देतात. मग सर्वांत कमी नकार असलेली वेळ घ्यायची. समजा २४ उत्तरांत शनिवारी संध्याकाळी ६ ला ९ नकार आहेत आणि रविवारी सकाळी १० ला ४, तर रविवार. पोहे-जलेबी आटोपून लोक निवांत येतात, आणि घरी परतायला रात्र होईल ही काळजीही उरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर हे सोपवू नका. कोणी काय निवडलं ते सहसा सगळ्यांना दिसतं, त्यामुळे गटातल्या दोन वजनदार माणसांनी मत दिलं की बाकीचे त्यांच्या मागे जातात.

आलेल्यांसाठी फॉर्म वेगळा. क्यूआर कोड शेवटच्या स्लाइडवर दाखवायचा तो चहाच्या आधी. चहा सुटला की कोणी भरत नाही, आणि घरी जाऊन भरणारे बोटांवर मोजण्याइतके. पाचपेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका.

विषयाचा प्रश्न सगळ्यांत फसवा. ‘पुढे काय ऐकायला आवडेल’ विचारलं की मशीन लर्निंग, एआय, ब्लॉकचेन अशी यादी येते. त्यावर मालिका आखली की दुसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या महिनाभरात कामात कुठे अडकलात?’ इथे ‘गिटमध्ये दुसऱ्याचा कोड पुसला गेला’, ‘सर्व्हरवर टाकल्यावर चालेना’, ‘एसक्यूएलची क्वेरी फार हळू’ अशी उत्तरं येतात. ती चिठ्ठ्यांवर लिहून सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावायच्या आणि माणसं मोजायची, उल्लेख नाही. एकच उत्साही माणूस एकाच विषयावर चार ओळी लिहितो. ज्या ढिगात पाच-सहा माणसं असतील, ती पुढची बैठक.

‘तुम्ही नवशिके की अनुभवी’ हेही विचारू नये. लाजरा माणूस स्वतःला नवशिका म्हणतो, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातला बिनधास्त ‘अनुभवी’वर टिक करतो. ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट (गिटमध्ये दोघांचे बदल एकमेकांना आडवे येणं) स्वतः सोडवला आहे का’ असं एका कृतीबद्दल विचारलं की पातळी आपोआप कळते.

‘वेळ वाया गेला’ अशी तक्रार आली तर वक्त्याला बोल लावण्याआधी इन्स्टॉलेशन पाहा. विंडोजवर पायथॉन ही भाषा टाकताना ‘पाथ’मध्ये जोडण्याच्या पर्यायापुढची चौकट मुळात टिक केलेली नसते, ती तशीच राहिली की ‘पायथॉन’ ही कमांड चालत नाही आणि अर्धा तास त्यातच जातो. तीस लॅपटॉप एकदम पॅकेज (तयार कोडचे संच) उतरवू लागले की सभागृहाचं वाय-फाय झोपतं, आणि फोनच्या हॉटस्पॉटला साधारण आठ-दहा उपकरणांपुढे जोड मिळत नाही. आदल्या दिवशी ‘पिप डाउनलोड’ या पायथॉनच्या कमांडने त्यांच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मात्र मॅकवर उतरवलेली फाइल विंडोजवर चालेलच असं नाही, पायथॉनची आवृत्ती वेगळी असली तरी अडतं. म्हणून नोंदणीतच मॅक की विंडोज आणि पायथॉनची आवृत्ती, दोन्ही विचारून ठेवा आणि त्या-त्या जोडीचे वेगळे फोल्डर करा.

विजेचा हिशेबही त्यातलाच. ६५ वॉटचे तीस चार्जर म्हणजे १९५० वॉट, २३० व्होल्टला साधारण साडेआठ अँपिअर. ६ अँपिअरच्या एका बोर्डाला हे झेपत नाही. दोन-तीन वेगळ्या सर्किटवरून एक्स्टेंशन घ्या. एका एक्स्टेंशनला दुसरं जोडत गेलात तर भार त्या पहिल्याच सॉकेटवर राहतो.

तारखा मांडताना रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), नवरात्र आणि विद्यापीठाच्या परीक्षा आधी खोडा, मग उरलेल्या रविवारांतून निवडा. सलग सहा महिने आखू नका, तीनच बैठका. प्रत्येकीला पर्यायी वक्ता ठरवा. तो नसेल तर एकमेकांचा कोड उघडून त्यातल्या चुका शोधण्याचं सत्र तयार ठेवा, त्याला वक्ता लागत नाही.

आणि पुढच्या बैठकीची पहिली स्लाइड दोन ओळींची: तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं काय बदललं. जे बदलता आलं नाही, तेही कारणासकट. हे दिसलं नाही की तिसऱ्या वेळी फॉर्ममध्ये नुसतं ‘छान होतं’ येतं, आणि तसल्या फॉर्मवरून काहीच ठरवता येत नाही.